वाटसरूचे पान

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे १० मैलांवर वाघोली हे गाव लागते. पहाटे पुणे सोडलेला पायी वाटसरू पूर्वी उन्हे डोक्यावर येण्याच्या आत येथे पोहोचत असे. आज मोटारीला तेच अंतर तोडावयास कधी अर्धा तास लागतो, तर कधी वाहनांच्या गर्दीत दीड तासही पुरत नाही. अठराव्या शतकातील नामांकित सरदार पिलाजीराव जाधवराव यांचे हे गाव. त्यांची समाधी व वाघेश्वराचे देवालय येथे अद्याप पाहावयास मिळते. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, आणि गावाचा रस्ता शहराचा रस्ता झाला. ह्या रस्त्याच्या दुतर्फा जी उपाहारगृहे आहेत, त्यांतील कित्येकांच्या पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेले असतात.

अशा उपाहारगृहात वाटसरू शिरतो आणि रिकामी जागा पाहून बसतो. वाढपी काही न विचारता पाण्याचा पेला समोर आणून ठेवतो. मग मिसळ, पोळीभाजी, डोसा, जे हवे ते मागवावे, खावे, गल्ल्यावर पैसे मोजावे आणि चालू लागावे. शेजारी बसून जेवणारा कोण, आत चुलीपाशी उभा असलेला कोण, ह्याची विचारपूस वाटसरू करीत नाही. आणि वाटसरू कोण, हे त्यालाही कोणी विचारीत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः ह्या रस्त्याचे वय, त्या देवळाचे वय आणि ह्या ‘न विचारण्याचे’ वय ही तिन्ही शेजारी मांडून पाहिली, तर तिसरे फारच कोवळे भरेल.

आगगाडी येण्यापूर्वी महाराष्ट्रात प्रवासास निघणे म्हणजे स्वयंपाकघर पाठीशी बांधून निघणेच होते. कुणब्याच्या फडक्यात भाकरी, कांदा आणि चटणी असावयाची. ब्राह्मणादी वर्गाची शिदोरी मात्र भुकेच्या हिशेबाने जितकी बांधली जाई, तितकीच सोवळ्याच्या हिशेबाने. पाण्यात शिजलेले अन्न, म्हणजे भात, वरण, साधी पोळी, हे स्पर्शाला फार नाजूक; ते कोणी रांधले, कोणी वाढले आणि कोणाच्या पंक्तीस बसून खाल्ले, ह्या तिन्ही गोष्टींना महत्त्व. उलट भाजलेले, तुपात तळलेले किंवा दुधात भिजविलेले पदार्थ त्या मानाने धीट समजले जात. म्हणून दशमीचे पीठ दुधात मळावयाचे; म्हणून लाडू, लाह्या, भाजके पोहे आणि सातूचे पीठ. दशमी दोन दिवस मऊ राहते म्हणून ती प्रवासात न्यावयाची, असे घरोघरच्या आजीबाई सांगतात, आणि तेही खोटे नाही. परंतु तिच्या पिठात पाण्याऐवजी दूध पडले ते मऊपणासाठीच, असे समजण्याचे कारण नाही. शिदोरी संपली की नदीकाठी वा देवळाच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून आपल्या हाताने भात शिजवावयाचा, एवढाच मार्ग उरे.

आणखी एक मार्ग होता, तो दानाचा. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेल्या धर्मशाळा व अन्नछत्रे ह्यांची कीर्ती देशभर आहे, आणि ती यथार्थ आहे. ठिकठिकाणच्या देवस्थानांनी, सरदारांनी व सावकारांनीही आपापल्या परीने ही सोय केली होती. ह्या सोयीची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिची एक अट होती. अन्नछत्रात पैसा द्यावा लागत नसे, पण ओळख द्यावी लागे. कोणत्या पंक्तीत बसावयाचे, आत बसावयाचे की बाहेर, शिजलेले घ्यावयाचे की कोरडा शिधा, हे सर्व त्या ओळखीवर ठरावयाचे. १८५७ साली वरसईहून उत्तर हिंदुस्थानाकडे निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीतून पार पडून घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. लुटालूट, कत्तली, उपासमार सर्व काही त्यात आहे. तथापि हाती दमडी नसतानाही वेदविद्या जाणणाऱ्या ब्राह्मणाला परक्या मुलखात दार उघडे मिळण्याची आशा होती, हेही त्यातून दिसते. ज्याच्या ओळखीनेच दार बंद होत असे, त्याने कोणते प्रवासवर्णन लिहावे?

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५८ साली ती खंडाळ्याकडून पुण्यास आली, आणि १८६३ साली बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई व पुणे ही शहरे एका सलग रुळाने जोडली गेली. रेल्वेने जातिभेदाचा व्यूह फोडला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे अर्धेच खरे आहे. तिकिटावर जात छापलेली नव्हती आणि बाकावर कोण कोणाला खेटून बसेल ह्याला धरबंध राहिला नव्हता, एवढे कबूल. परंतु बसणे निराळे आणि खाणे निराळे. स्टेशनांवर हिंदूंचे पाणी व मुसलमानांचे पाणी वेगळे ठेवले जाई. गाडी सुटेपर्यंत डब्याची गाठ न सोडणारे आणि मुक्कामी पोहोचल्यावर स्नान करूनच अन्नाला शिवणारे उतारू पुढेही पुष्कळ वर्षे होते.

पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी घोटभर चहा किती महाग पडू शकतो, हे १८९० साली दिसून आले. पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी शिष्टाचार म्हणून पेला हाती धरून तसाच खाली ठेवला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी ह्या विक्षिप्त गृहस्थांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात जाहीर करविली, आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही अखेर १८९२ साली, मित्रांची घरोघर होणारी कुचंबणा पाहून, प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या शब्दावर सरकारदरबारी विचार होई, अशा पुरुषांची ही अवस्था. मग सामान्य कारकुनाने परगावी दुकानात बसून भजी खाण्याचे धाडस कशाच्या बळावर करावे?

तथापि हे संकट पेला पुढे आल्यानंतरचे होते. पेलाच पुढे न येण्याचे संकट त्याहून फार मोठे, आणि त्याची हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. साल १९०१. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत वडिलांकडे जाण्यासाठी मुले साताऱ्याहून नवे कपडे घालून मोठ्या हौसेने निघाली. आगगाडीने त्यांना मसूरपर्यंत विनाप्रश्न आणले. प्रश्न सुरू झाला तो स्टेशनावर उतरल्यावर. वडिलांना पत्र पोहोचले नसल्यामुळे कोणी न्यावयास आले नव्हते. मुले चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला. एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी एक जण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तोही अशा बोलीवर की, बैल मुलांनी हाकावेत आणि आपण बाजूने पायी चालावे.

मुलांजवळ घरचे अन्न भरपूर होते. पाणी नव्हते. वाटेत जे पाणी आढळले ते शेणामुताने गढूळ झालेले होते. रात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुलाने आपली जात लपवून पाणी मागितले. तरीही नाकेदाराने दिले नाही. भरलेला डबा उशाशी ठेवून ती मुले उपाशी निजली. मराठी मुलखातील प्रवास आणि भोजन ह्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला ही एक रात्र वगळता येणार नाही. कारण अन्न असणे आणि जेवता येणे ह्या दोन गोष्टींमध्ये काय असते, हे तेथे दिसते. त्यांच्यामध्ये एक पेलाभर पाणी असते.

ही स्थिती पालटली ती कशी? सुधारकांच्या व्याख्यानांनी मने तयार केली असतील. परंतु पहिला हातभार लागला तो पोटाच्या निकडीचा. मुंबईत गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या वाढल्या, आणि कोकण-देशावरून आलेल्या एकट्या पुरुषांची गर्दी झाली. त्यांना रोज कोणी रांधून वाढावयाचे? त्यातून खानावळ निघाली. प्रथम ती घरगुती, पुष्कळदा एखाद्या बाईने आपल्या खोलीत चालविलेली आणि बहुधा आपल्याच गावच्या, आपल्याच जातीच्या माणसांपुरती. तिच्यापुढची पायरी म्हणजे कोणीही यावे असे उपाहारगृह. तेथे व्यापाराची एक युक्ती उपयोगी पडली. ब्राह्मणाच्या हातचे सर्वांना चालते, म्हणून स्वयंपाकी ब्राह्मण ठेवावा. शाकाहारी अन्न मांसाहाऱ्यालाही चालते, म्हणून चूल शाकाहारी ठेवावी. गिऱ्हाईक जितके मिश्र, तितका आचारी सोवळा, असा हा उफराटा न्याय होता. शाकाहारी उपाहारगृहाच्या प्रसाराचे श्रेय धर्मबुद्धीला देणारे ह्या हिशेबाकडे सहसा पाहत नाहीत. शिवाय बर्फाच्या पेट्या नसलेल्या काळी रस्त्यावरच्या दुकानदाराला मांसापेक्षा मटकीची उसळ फार कमी जोखमीची होती, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

१९१० साली दादरला मामा काणे ह्यांचे उपाहारगृह निघाले. त्याचे नाव त्यांनी ‘स्वच्छ उपाहारगृह’ असे ठेवले. हा शब्द विचारपूर्वक पाहण्यासारखा आहे. सोवळे हे माणसाच्या जन्माला चिकटलेले असते. स्वच्छता ही भांड्याला, फडक्याला आणि हाताला असते, आणि ती कोणासही साधता येते. एका पाटीवरच्या एका शब्दात शास्त्राची जागा आरोग्याने घेतलेली येथे दिसते. त्या शब्दाने जुने वळण एका दिवसात गेले असे मुळीच नव्हे. पण गिऱ्हाइकाला पसंती-नापसंतीसाठी एक नवे प्रमाण मिळाले. पुढे १९३५ साली पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर चित्रपट-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार ह्यांनी ‘पूना गेस्ट हाउस’ काढले. १९४२ साली माटुंग्यास रामा नायक ह्यांनी उडुपी पद्धतीचे भोजनगृह सुरू केले. उडुपीकडच्या मंडळींनी इडली-डोशाबरोबर आणखी एक गोष्ट सर्वत्र नेली, ती म्हणजे ठरलेल्या दराची राइसप्लेट. इराण्यांची दुकाने ह्या आधीपासूनच जात न विचारता चहा देत होती. परंतु तेथे अंडी मिळत, म्हणून शाकाहारी कुटुंबे तिकडे फिरकत नसत. तरुण मंडळी फिरकत, आणि घरी सांगत नसत.

ह्या सर्व काळात अस्पृश्य मानलेल्या वाटसरूपुढे दारे उघडली काय? शहरांत ओळख लपत असे, खेड्यांच्या रस्त्यांवर लपत नसे. हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी, ती आपण विसळून पुन्हा टांगावयाची, चहा वरून ओतून घ्यावयाचा, हा प्रकार महाराष्ट्रात कित्येक गावी होता. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशातून चाललेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. पाणवठा आणि धर्मशाळा, म्हणजे वाटसरूच्या दोन्ही गरजा त्यात आल्या. ठराव कागदावर किती राहिला, हे १९२७ साली महाडच्या तळ्यावर दिसले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत प्रवेश नाकारण्यास स्पष्ट बंदी केली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने हॉटेले, धर्मशाळा व मुसाफिरखाने येथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. भांड्यांचा असा स्वतंत्र उल्लेख ज्यांनी कायद्यात घातला, त्यांना ती टांगलेली कपबशी ठाऊक असली पाहिजे.

कायद्याच्या थोडी अगोदर ह्याच रस्त्यावर एक घटना घडली होती. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार पुणे ते नगर ह्या मार्गावर धावली. म्हणजे आज जिला सारा महाराष्ट्र ‘एस. टी.’ म्हणून ओळखतो, तिचे पहिले चाक वाघोलीवरून गेले. एस. टी.ने खाण्याच्या इतिहासात काय केले, तर वेळ कमी केला. गाडी थांबते १० किंवा १५ मिनिटे. तेवढ्यात ५० माणसे उतरतात, हात धुतात, खातात, चहा पितात आणि कंडक्टरच्या घंटीकडे कान ठेवून परत चढतात. अशा घाईत कोणाला कुळी विचारण्यास सवड असणार? जे काम उपदेशाने शंभर वर्षांत अर्धवट झाले, त्यातील बरेचसे ह्या घंटीने केले, असे म्हणावयास हरकत नाही. पदार्थही घाईला साजेसेच पुढे आले. भाकरी मागितल्यावर थापावी लागते. मिसळीची उसळ सकाळीच शिजलेली असते, शेव-चिवडा डब्यात असतो, तर्री उकळत असते, आणि चार हातांच्या हालचालींत ताटली तयार होते. बटाटेवड्याचेही तसेच.

ह्या पदार्थांची वंशावळ कोणी काढू गेले तर ‘शुद्ध’ ह्या पाटीखाली मोठी गंमत आढळते. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या हस्ते आली, आणि पाव त्यांच्याच भट्टीतून आला. ज्या पावाचा तुकडा विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, तो पाव आज शुद्ध शाकाहारी ताटलीच्या कडेला निर्धास्त बसलेला असतो.

बायकांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, पण ती लहान नाही. प्रवासात पुरुष हॉटेलात जात आणि बायका गाडीत बसून डब्यातले खात, अशी चाल फार दिवस होती. मग हॉटेलवाल्यांनी लाकडी आडोसे घालून ‘फॅमिली रूम’ काढल्या, त्यांना पडदे लावले. आणि काही वर्षांनी पडदे मळून निघाले ते पुन्हा लागलेच नाहीत. घरी जी सर्वांना वाढून शेवटी जेवते, ती येथे नवऱ्याच्या समोर, त्याच वेळी, गरम अन्न खाते. कित्येक घरांत ही पंक्ती प्रथम हॉटेलातच बसली असेल.

‘शुद्ध’ ह्या शब्दाचा खुलासा मात्र अजून झालेला नाही. २००१ पासून वेष्टनातील शाकाहारी अन्नावर हिरवा ठिपका छापण्याची सक्ती झाली. कायदा शाकाहारी जाणतो. ‘शुद्ध शाकाहारी’ असा निराळा वर्ग त्याला ठाऊक नाही. तुपातील भेसळ नसलेले ते शुद्ध, हा एक अर्थ. मांसाचे भांडे ह्या चुलीवर चढत नाही, हा दुसरा, आणि तो सांगण्याचा दुकानदारास पूर्ण अधिकार आहे. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु ह्या शब्दाच्या मुळाशी तिसराही एक अर्थ आहे, आणि तो मामा काण्यांच्या ‘स्वच्छ’च्याही मागचा आहे. पाटी रंगविणाऱ्याच्या मनात तो नसेल. शब्दाच्या पोटात तो असतोच.

वाघोलीच्या पुढे काही मैलांवर, पेरणे गावाच्या हद्दीत, कोरेगावच्या लढाईचा विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले होते. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि आता ती लाखांनी मोजतात. पुण्याकडून जाणाऱ्यांची वाट हीच, वाघोलीवरूनच. मसूरच्या वाटेवर ज्याला पाणी मिळाले नाही, त्याच्या नावाने निघालेली माणसे येथील हॉटेलांच्या दारांवरून जातात, काही शिदोरी सोडून बसतात, काही आत शिरून चहा मागतात. २०१८ साली त्याच दिवशी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला, वाहने जाळली गेली, एकाचा जीव गेला. घटना अमलात येऊन तेव्हा ६८ वर्षे होत आली होती.

अलीकडे वाघोलीतील वाटसरूचे रूप बदलले आहे. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी आणि जवळच्या खराडीच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारी मुलेमुली चार-दोन वर्षे राहावयास येतात. त्यांच्यासाठी जुनी खानावळ ‘मेस’ ह्या नावाने परत आली आहे. घरगुती डबा, महिन्याचे पैसे आगाऊ, रविवारी गोड. ह्या मेशीत त्यांना कोणी काही विचारीत नाही. पण ह्याच मंडळींना खोली भाड्याने घ्यावयाची असली, की पुण्यामुंबईच्या कित्येक दारांत पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा, आणि दुसरा, तुम्ही शाकाहारी आहात ना?